तुम्ही विचारलंत म्हणून: प्रश्नोत्तरं का काढली

नव्या सीझनचं पत्रक बाहेर पडल्यापासून मला एकच प्रश्न येतोय. फोनवर येतो, मेलवर येतो, परवा तर जिन्यात थांबवून विचारला, की साहित्य केंद्राच्या एकाही कार्यक्रमाखाली यंदा 'प्रश्नोत्तरे' का नाही? सप्टेंबर ते एप्रिल 11 कार्यक्रम आहेत. 30 सप्टेंबरच्या अनुवाद दिनाला मूळ कवी आणि अनुवादक एकाच मंचावर आळीपाळीने वाचणार आहेत, 21 मार्चला कविता दिन, 23 एप्रिलला पुस्तक दिन आणि सीझनचा शेवट. एवढ्या तारखा जुळवायला सात महिने गेले, पण त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

तर, ते छापायचं राहिलेलं नाहीये. मी काढलं. कमिटीने नाही, मी.

श्रोत्यांचा आवाज दाबला वगैरे जे म्हणताय ते मला मान्य नाही. चिठ्ठ्या ठेवल्यात, पेन ठेवलीत, संवादक त्या चिठ्ठ्या वाचून लेखकाला विचारणार, आणि नंतर अर्धा तास हॉल उघडा आहे, लेखक तिथेच असणार, जाऊन बोला की. फक्त माइक हातात मिळणार नाही. 'मोठ्या लेखकांना असल्या प्रश्नांची सवय असते' हेही ऐकून झालं. असते ना, पण आमच्या 11 पैकी 8 जण पहिल्या नाहीतर दुसऱ्या पुस्तकाचे आहेत, त्यांना कुठून असणार सवय?

खरं कारण मागच्या सीझनमधलं आहे. ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

एक मुलगी आली होती, पहिलाच संग्रह. आईच्या आजारपणावरच्या कविता होत्या. चाळीसेक लोक असतील. तिने पस्तीस मिनिटं वाचलं आणि शेवटची कविता संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही, म्हणजे वाजवता आली नाही, क्षणभर सगळे तसेच बसून राहिले. असं वर्षातून एखाद्या वेळी होतं, ज्यासाठी आपण खुर्च्या लावतो आणि साउंड चेक करतो ते हेच. आणि मी काय केलं, तर घड्याळ बघितलं आणि म्हटलं, आता प्रश्नोत्तरं घेऊया.

पहिला हात वर झाला तो आमच्या एका जुन्या श्रोत्यांचा. सगळे त्यांना सर म्हणतात, वर्षानुवर्षं येतायत, केंद्राला मदतही केलीय. त्यांनी माइक घेतला आणि उभे राहिले. छंदापासून सुरुवात केली, मग त्यांच्या काळातली कविता, मग हल्लीचे लोक वाचत नाहीत. प्रश्न कुठेच नव्हता. मुलगी आधी मान हलवत होती, मग थांबली. तिच्यासमोर पाण्याची बाटली होती, तिचं लेबल ती नखाने सोडवायला लागली, एकेक पट्टी, अगदी सरळ. माझ्या हातात दुसरा माइक होता आणि अंगठा स्विचवर होता. नुसता दाबायचा आणि 'सर, प्रश्न विचारता का' एवढं म्हणायचं, चार शब्द. मी ते म्हटले नाहीत. मनात म्हणत होते, आता संपवतील, आता संपवतील, आणि खरं सांगायचं तर पुढच्या वर्षीच्या देणगीचाही विचार डोक्यात होता. नऊ मिनिटं गेली, रेकॉर्डिंगवर नंतर मोजली. शेवटी ते म्हणाले, 'बाकी तुमच्या भावना प्रामाणिक आहेत, पण ह्याला कविता म्हणायचं का हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.' आणि बसले.

ती 'धन्यवाद' म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

खुर्च्या आवरताना टेबलावर त्या लेबलच्या पट्ट्या होत्या, एकाशेजारी एक नीट लावून ठेवलेल्या. नंतर मी दोन मेल केले. एकाचं उत्तर आलं, दोन ओळींचं, अगदी सभ्य. यंदा तिला अनुवादाच्या कार्यक्रमाला बोलवलं होतं, तर म्हणाली, मंचावर नको, वाटल्यास कविता पाठवते.

चार्ल्स डिकन्स 1858 पासून तिकीट लावून स्वतःच्या पुस्तकांची जाहीर वाचनं करायचा, शेवटचं मार्च 1870 मधे झालं आणि जूनमधे तो गेला. त्या शेवटच्या वाचनांच्या वेळी डॉक्टर त्याची नाडी मोजायचे आणि ती शंभरच्या वर गेलेली असायची. गाजलेला माणूस, इतक्या वर्षांचा सराव, आणि तरी ही अवस्था. मी हे पूर्वी कुठेतरी वाचलं होतं पण त्याचा अर्थ त्या दिवसानंतर लागला. आपण माणसाला स्वतःच्या आईचं मरण मोठ्याने वाचायला लावतो आणि छाती धडधडत असतानाच म्हणतो, हं, आता हात वर करा.

हे सगळं मला कळायला एवढी वर्षं का लागली याचं उत्तर माझ्याकडे नाही. कारण केंद्राच्या पहिल्या पत्रकात मीच लिहिलं होतं, 'इथे शेवटचा शब्द श्रोत्यांचा असेल.' किती अभिमान होता त्या वाक्याचा! ती जी मी होते तिला आज सांगावंसं वाटतं की अगं, शेवटचा शब्द श्रोत्यांचा म्हणजे ज्याचा हात आधी वर जातो त्याचा, आणि तो हात बहुतेक वेळा त्याच तीन-चार जणांचा असतो. पण तीही गप्प बसणारी नाही. ती म्हणते, मग सरांना थांबवायचं होतंस, सगळ्यांचा माइक का काढून घेतलास? तुला चार शब्द बोलता आले नाहीत म्हणून चाळीस लोकांनी चिठ्ठ्या लिहायच्या का?

यावर मी काय बोलणार. अर्धं तरी खरं आहे ते.

आणि दुसरी एक गोष्ट आहे जी मला जास्त छळते. त्याच्याच आदल्या सीझनला एक गृहस्थ यायचे, कायम मागच्या रांगेत. पुस्तकं वाचणाऱ्यातले नाहीत असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं, ऐकायला आवडतं म्हणून येतात. एका वाचनानंतर त्यांनी हात वर केला, माइक घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, 'ती दाराची ओळ होती ना, ती परत वाचाल का?' कवीने वाचली. परत एकदा वाचली. आमच्या सगळ्या सीझनमधला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता असं मला वाटतं, आणि असा प्रश्न चिठ्ठीवर येत नाही, चिठ्ठीवर लोक शहाण्यासारखं लिहितात.

पत्रक वाचून गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, 'ताई, आता काही विचारायचं असलं तर काय करायचं?' मी म्हटलं, चिठ्ठी लिहा ना. ते म्हणाले, 'लिहायचं मला तुमच्यासारखं जमत नाही हो.' मी म्हटलं, मग नंतर अर्धा तास आहे, तेव्हा विचारा. तर म्हणाले, 'तेव्हा तुमचे लोक त्यांच्याभोवती उभे असतात.'

30 तारखेला मी त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत एक खुर्ची ठेवलीय. ते त्या खुर्चीत बसतील का, आणि बसून हात वर केलाच तर मी काय करणार, हे अजून ठरलेलं नाही.