खारवलेला पीपर

दुपारची जेवणं उरकली, घर लवंडलं, की मी मीठ वेचायला समुद्राच्या तळाशी जाते. वाळूत पांढरे खडे नुसते पडलेले असतात. सुरुवातीला श्वास ४५ सेकंदांचाच. तेवढ्यात हाती येतील ते उचलायचे आणि वर यायचं.

गेमचं नाव ‘सबनॉटिका’. भाच्याने सुट्टीत माझ्या लॅपटॉपवर घालून दिला. “मावशी, तू घाबरशील हां,” असं वर बजावलंही. परग्रह आहे, ४५४६बी नावाचा. जिकडेतिकडे पाणी. ‘अरोरा’ नावाचं भलंमोठं अंतराळयान त्या पाण्यात कोसळतं आणि आपण एका छोट्याशा लाइफपॉडमध्ये तरंगत उरतो. कोपऱ्यात आकडे: जीव, भूक, तहान, श्वास. नकाशा नाही. कुठे काय आहे ते आपणच लक्षात ठेवायचं. भाच्याच्या मते ही या गेमची क्रूरता. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाचं असंच होतं.

भूक लागली की मासा पकडायचा. पीपर म्हणून एक मासा आहे, सगळा डोळाच. ब्लॅडरफिश पकडून यंत्रात घातला तर प्यायचं पाणी मिळतं. शिजवलेला मासा मात्र थोड्या वेळात उतरतो, पार नासून जातो. मग मला कळलं की माशाबरोबर मीठ घातलं तर तो खारवून निघतो आणि कधीच खराब होत नाही. खाल्ल्यावर तहान लागते, एवढंच. हे वाचलं आणि तिथून पुढे माझा गेम भाच्याच्या गेमपासून वेगळा झाला.

कारण माझं आजोळ हर्णैचं. मे महिन्यात गेलो की आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, धांदल चाललेली असायची. लाकडं भरून झालेली, कौलं शाकारून झालेली, आणि अंगणात सुकट पसरलेली. काठी घेऊन कावळे हाकायचं काम आम्हा पोरांचं. मांजरं वेगळीच, त्यांना काठीचं काही वाटत नसे. उन्हाने डोकं भणभणायचं, केसांना, फ्रॉकला, उशीला सगळीकडे तो वास. आजी मधूनच येऊन मूठभर जवळा उचलायची, बोटांनी चुरडून बघायची आणि ‘अजून एक ऊन’ म्हणून आत जायची. आम्हाला तो शेवटचा वाटणारा दिवस असा रोजच एकेक ऊन पुढे सरकायचा. मग एकदाचं ते सगळं पत्र्याच्या डब्यांत भरून माळ्यावर चढायचं. बांगडे मिठात दाबलेले. सोडे वेगळ्या डब्यात, कारण सोडे पाहुण्यांसाठी. होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत ओढून ठेवलेल्या, बाहेर धो धो, आणि तव्यावर जवळा भाजायला घेतला की शेजारची घरंसुद्धा जागी व्हायची.

सोडे कुठल्या पाहुण्याने खाल्ले ते मी काही पाहिलं नाही.

तर माझ्या समुद्राखालच्या घरात आता भिंतभर लॉकर आहेत. त्यांना नावं देता येतात. मी रोमन लिपीत लिहिलंय: ‘मीठ’, ‘मीठ दोन’, ‘मासे जुने’, ‘मासे नवे’. जुने आधी संपवायचे. नव्याला हात लावायचा नाही. भाचा आला, त्याने लॉकर उघडून बघितले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मावशी, हे वापरायचं असतं.” वापरायचं असतं हे मलाही माहीत आहे. पण लागलं तर?

तो स्वतः ‘हार्डकोअर’वर खेळतो. एकच जीव. त्यात श्वास संपत आल्याची सूचनासुद्धा देत नाहीत. गेला की मागचं सगळं गेलं. असं खेळण्यात त्याला मजा वाटते. मला वाटतं, माळा रिकामा ठेवून पावसाळ्यात शिरणं याला मजा म्हणत नाहीत.

भीती वाटते ती रीपरची. कोसळलेल्या अरोराच्या आसपास हा राक्षस फिरतो. दिसायच्या आधी त्याची डरकाळी ऐकू येते. म्हणून मी आवाज बंद करून खेळते. भाचा म्हणतो, आवाज नसेल तर तो आला हे कळणार कसं? न कळलेलंच बरं. तसंही त्याला मारायला बंदूक नाही. सुरी आहे, प्राण्यांना काही काळ गोठवता येतं असं यंत्र आहे, पण जीव घेणारी बंदूक पूर्ण गेममध्ये नाही. हे मला आधी भित्र्या लोकांवर केलेले उपकार वाटले होते. मग कळलं की गेमचा दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड याने हे मुद्दाम ठरवलं, त्याला कारण डिसेंबर २०१२ मधला सँडी हूक शाळेतला गोळीबार. कनेक्टिकटमधली प्राथमिक शाळा. २० मुलं आणि ६ मोठी माणसं. मुलं सहा-सात वर्षांची. अंगणात कावळे हाकायच्या वयाची.

त्या दिवशी मी गेम तसाच ठेवून उठले.

शेवट काय होतो ते भाच्याच्या तोंडून निसटलंच. रॉकेट बांधायचं, बसायचं, उडायचं. घरी पोचता पोचता अल्टेरा नावाची आपली कंपनी कळवते की त्या ग्रहावर जे जे तुम्ही गोळा केलंत ते सगळं कंपनीच्या मालकीचं होतं. तुमच्या नावावर थकबाकी एक लाख कोटी क्रेडिट. ती फिटल्याशिवाय उतरायची परवानगी मिळणार नाही. भाचा हसून हसून सांगत होता. मी मात्र लॉकर मोजत होते. आजीच्या माळ्याचा असा हिशेब मागायला कुणी दारात आला असता तर विळी बाजूला न ठेवताच ती बोलायला बाहेर आली असती.

रॉकेटचा तळ बांधून ठेवलाय. वरचं सामानही बहुतेक सगळं आहे. पण एक लाख कोटी फेडायचे म्हणजे या वयात आधी कुठेतरी नोकरी बघावी लागेल.