निळ्या दोन वायरी

वहीत स्टोव्हची तक्रार एका ओळीची होती : 'काच काळी पडते, ऊब येत नाही.' जानेवारीत आमच्या दुकानाला अशा तक्रारी रोजच्याच. काच काळी म्हणजे हवा कमी, आणि हवा कमी म्हणजे कुठेतरी राख तुंबलेली. दोन तासांचं काम धरून मी निघालो.

मी न्यू हॅम्पशरमध्ये लेबननजवळ राहतो. बायको इथल्या हॉस्पिटलात आयसीयूत नर्स आहे, तिच्यामागे मी आलो. कनेक्टिकट नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत फिरून घरगुती पेलेट स्टोव्ह साफ करायचे, दुरुस्त करायचे, हे माझं काम. त्याआधी अकरा वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. तिथे बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड जाळायचो, इथे पेलेट. विस्तव तोच, फक्त हा दिवाणखान्यात मावतो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनावरांची कांडी पेंड असते ना, तशा दिसणाऱ्या लाकडाच्या भुशाच्या कांड्या म्हणजे पेलेट. जाडी सहा मिलिमीटर. डिंक-बिंक काही घालत नाहीत, दाबाने आणि उष्णतेने लाकडातलं लिग्निनच भुसा धरून ठेवतं. ४० पौंडांची, म्हणजे साधारण १८ किलोंची पिशवी वरच्या पेटीत ओतायची. खालचा स्क्रू सावकाश फिरत थोड्याथोड्या कांड्या जळत्या वाटीत टाकतो. एक पंखा जळणाचा धूर ओढून नळीवाटे बाहेर फेकतो, दुसरा घरातली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून परत घरात सोडतो. सगळं विजेवर. चुलीला धुराड्याची ओढ असते, इथे ती ओढ पंखा तयार करतो. पंख्याचा रस्ता तुंबला की खेळ संपला.

घर व्हरमाँटमध्ये, ब्रॅडफर्डच्या वर टेकडीवर. उणे २४ सेल्सिअस होतं. ऐंशी ओलांडलेल्या एक बाई तिथे एकट्या राहतात. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना नावाने हाक मारावी लागते, पण मनात मी त्यांना आजीच म्हणतो, म्हणून इथेही आजीच लिहितो.

स्वयंपाकघरात शिरलो आणि जाकिटाला अडकवलेलं मीटर वाजायला लागलं. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, ३४ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३४ भाग. स्टोव्हजवळ गेलो तर ६१. आत ज्योत होती, पण कशी? लांब, नारिंगी, शेंड्याला काळी, आळसावल्यासारखी डुलणारी. नीट जळणारी ज्योत आखूड असते, पिवळीधमक, आणि वाटीतून ठिणग्या उडत असतात.

"डोकं दुखतंय का?" मी पहिलं हेच विचारलं.

चार दिवसांपासून दुखत होतं. रविवारी चर्चला गेल्या तेव्हा उतरलं, घरी आल्यावर परत चढलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं त्यांना वाटत होतं. पॅसेजमध्ये भिंतीवर अलार्म होता, दिवा हिरवा, आणि तो गप्प होता. तो बिघडलेला नव्हता. इथल्या मानकाप्रमाणे ७० पीपीएम सलग राहिलं तर तो एक ते चार तासांत वाजतो. त्याहून कमी प्रमाणाला तो दिवसेंदिवस गप्प राहू शकतो. हिरवा दिवा बघून त्या निर्धास्त झोपत होत्या.

मी त्यांना कोट घालायला लावला आणि हीटर चालू असलेल्या माझ्या व्हॅनमध्ये बसवलं. ९११ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन केला. दारं-खिडक्या सताड उघडल्या. स्टोव्हचं बटण बंद केलं, पण प्लग उपटला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण घाबरलेला माणूस आधी प्लग ओढतो. वीज गेली की धूर ओढणारा पंखा थांबतो आणि वाटीतल्या निखाऱ्यांचा सगळा धूर घरात येतो. बटणाने बंद केला तर स्क्रू थांबतो आणि निखारे विझेपर्यंत पंखा फिरत राहतो.

गावातले अग्निशमन स्वयंसेवक पंधरा मिनिटांत आले. त्यांच्याकडे बोटाला लावायचं खास यंत्र असतं. आपल्याकडे कोविडमध्ये घरोघरी आलेला साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनवालंच समजतो आणि आकडा झकास दाखवतो. बायकोने हे मला कितीदा तरी सांगितलं होतं. स्वयंसेवकांच्या यंत्रावर आजींचं ८ टक्के आलं, म्हणजे हिमोग्लोबिनपैकी एवढ्याला तो वायू चिकटलेला. त्यांना ऑक्सिजन लावून हॉस्पिटलला नेलं. साध्या हवेत रक्तातला तो वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, पाइप गोठू देऊ नका. तळघरातला जुना तेलाचा बॉयलर त्यांनी काटकसरीसाठी अगदी मंद ठेवला होता. घरातला आकडा शून्यावर आल्यावर आणि स्वयंसेवकांनी तो पुन्हा तपासल्यावर मी बॉयलर वाढवला आणि कामाला बसलो.

एक गोष्ट मला खटकत होती. एवढी कमी ओढ असताना हा स्टोव्ह चालूच कसा राहिला? त्यात एक व्हॅक्यूम स्विच असतो. मारी बिस्किटाएवढी गोल डबी, आत रबराचा पातळ पडदा, आणि एक बारीक नळी तिच्यातून जळणाच्या पेटीकडे गेलेली. पेटीत पुरेशी ओढ असेल तरच पडदा खेचला जातो आणि स्क्रूला वीज मिळते. दार उघडं राहिलं, नळी तुंबली, पंखा दमला, काहीही झालं तरी ओढ कमी होते, पडदा सुटतो आणि पेलेट पडायचे थांबतात. या घरात हा स्विच केव्हाच सुटायला हवा होता.

बाजूचं पॅनल उघडलं. दोन निळ्या वायरी स्विचवरून काढून एकमेकींना बोटभर तांब्याच्या तारेने जोडल्या होत्या, वर काळी टेप गुंडाळली होती. टेप नवी होती, चकाकत होती. बिचारा स्विच नळीला लोंबकळत होता.

माझे हात थरथरले, खरंच. कारखान्यात इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी जोडणी, बायपास करणं म्हणजे काय, हे मी शिकाऊ असतानाच डोक्यात बसलं होतं. तिथे तसं करायचं तर लेखी परवानगी, सही, वेळ, आणि काम झाल्यावर परत जोडल्याची दुसरी सही. शोध घेताना मीही मिनिटभर वायरी जोडून बघतो, बिघाड स्विचमध्ये आहे की ओढीत हे त्यातून कळतं. पण तशा जोडून, टेप गुंडाळून, पॅनल लावून निघून जायचं? नंतर कळलं की डिसेंबरात स्टोव्ह दर दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडत होता, आणि कुणीतरी ओळखीच्या माणसाने येऊन 'दहा मिनिटांत ठीक करून दिला'. स्टोव्ह महिनाभर ओरडून सांगत होता, त्या माणसाने त्याचं तोंड बांधलं.

मग साफसफाई. मापकावर ओढ ०.०३ इंच पाणी एवढीच होती (ओढीचा दाब इंच पाण्यात मोजतात). हा स्विच ०.०५ला सुटतो.

आजी आळशी नव्हत्या. दर रविवारी राखेचा ट्रे रिकामा करत, झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून अंगणात ठेवत. पण हलकी राख ट्रेमध्ये पडतच नाही, ती धुराबरोबर उडते. हिवाळ्यात त्या तीन टन पेलेट जाळतात, म्हणजे दीडशे पिशव्या. प्रीमियम पेलेटमध्ये राख १ टक्क्याच्या आत असते, पण १ टक्का धरला तर सत्तावीस किलो होते. त्यातली बरीचशी ट्रेपर्यंत पोचत नाही.

वाटीची भोकं अर्धी बुजलेली. तळाशी काचेसारखा वितळून थिजलेला डिखळा, वीटभट्टीत खंगर होतो तसा. तो खरवडून काढला, भोकं एकेक करून सळईने मोकळी केली. मग पेटीच्या मागच्या भिंतीवर रबरी हातोडीने हलकेच ठोकलं. आत काय आहे हे कानाने कळतं. रिकामी असेल तर टणटण वाजते. इथे आधी बद्द आवाज आला, मग पत्र्यामागे सर्रर्र करत राख ओघळायला लागली. ठोकायचं, ऐकायचं, राखेच्या खास व्हॅक्यूमने ओढायचं. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम कधी वापरू नये, एखादा निखारा लपलेला असला तर पिशवीच पेट घेते. चौदा-पंधरा वेळा ठोकल्यावर टणटण आली. आमच्या घरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, आई त्याच्या नळीवर अशीच चिमट्याने टकटक करून काजळी पाडायची. हात तोच आहे, असं मला त्या क्षणी वाटलं.

बाजूच्या दोन झडपा कारखान्यातून निघाल्यापासून कुणी उघडल्याच नसाव्यात. पंखा काढला, तर पात्यांमधली जागा राखेने लिंपलेली. घराबाहेर वळणाच्या टी-जोडाचं झाकण काढलं तेव्हा राखेचा अख्खा दंडगोल बाहेर आला, साच्यातून काढलेल्या कुल्फीसारखा. त्यात बोटही शिरलं नसतं. धूर बाहेर जाऊ शकत नव्हता, म्हणून घरातल्या नळीच्या जुन्या सिलिकॉन सांध्यांतून झिरपत होता. सांधे उकलून पुन्हा भरले. बाहेरून पालापाचोळ्याचा ब्लोअर उलटा लावून नळी ओढली, आणि अंगणातल्या पांढऱ्या बर्फावर पंख्याच्या आकाराचा करडा डाग पडला, खोलीभर मोठा.

स्टोव्हच्या दाराच्या कडेला फटीतून हवा शिरू नये म्हणून एक दोरी बसवलेली असते. तिथे डॉलरची नोट धरून दार लावून ओढून बघतात. नोट निसटली तर दोरी गेली. डाव्या खालच्या कोपऱ्यात अलगद निसटली. नवी दोरी बसवली. शेवटी स्विचची नळी त्याच्यापासून सुटी करून पेटीच्या बाजूने फुंकून घेतली. स्विचच्या तोंडात कधी फुंकायचं नाही, पडदा फाटतो. ती तांब्याची तार कापली आणि निळ्या वायरी त्यांच्या जागी बसवल्या.

पेटवला. आधी धूर, मग साडेचार मिनिटांनी ज्योत, आखूड, पिवळी, ठिणग्या नाचवणारी. मापकावर ०.१६, मीटरवर शून्य. दार मुद्दाम उघडलं आणि काही सेकंदांतच स्क्रू थांबला. ते थांबणं मी तीनदा करून बघितलं.

सिलिकॉन भरेपर्यंत आणि चाचणी होईपर्यंत साडेचार वाजले होते, अंधार पडत होता. आजींना घेऊन त्यांची मुलगी आली. मी त्यांना खुर्चीवर बसवून स्विच दाखवला, कापलेल्या तारेचा तुकडा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग मला हातोडी मागितली, भिंतीवर ठोकून टणटण ऐकली, आणि कॅलेंडरवर दर पन्नास पिशव्यांनंतर एक, अशा खुणा करून घेतल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचा फोन आला. "थांबलाय," त्या म्हणाल्या. "मी काही हात लावलेला नाही. दुसऱ्या कुणाला बोलावलंही नाही."

गेलो तर त्या कोट घालून विणकाम करत बसल्या होत्या. पॅनल उघडायची गरज पडली नाही. दाराच्या खालच्या कडेत, नव्या दोरीवर, एक पेलेट अडकलं होतं. त्याने दार केसभर उघडं राहत होतं. ते काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि दार दाबून लावलं.