व्हिटॅमिन डी, ऊन आणि पोटाचा घेर

"डी कमी आहे म्हणून वजन वाढतंय, पुडी घ्या, पोट आपोआप उतरेल" असलं एक रील आमच्या फॅमिली ग्रुपवर आलं आणि मावशीने लगेच मला टॅग केलं, कारण माझा रिपोर्ट १४ आलाय हे अख्ख्या खानदानाला माहितीये (२० च्या खाली म्हणजे डेफिशियन्सी).

प्रकरण नेमकं उलटं आहे हो. डी चरबीत विरघळतं, त्यामुळे अंगावर चरबी जास्त असली की ते तिथेच मुक्काम ठोकतं आणि रक्तात कमी दिसतं. २००० साली बोस्टनमध्ये जाड आणि बारीक लोकांना सारखेच यूव्हीबी किरण (उन्हातले हेच किरण कातडीत डी तयार करतात) दिले होते, कातडीतला कच्चा माल दोघांकडे सारखाच, तरी जाड लोकांच्या रक्तातलं डी बाकीच्यांच्या निम्म्यानेही वाढलं नाही. पुढे २०१३ मध्ये जनुकांवरून तपासलं तेव्हा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १० टक्के वाढला की डी साधारण ४ टक्के घसरतं असं दिसलं, पण डी कमी म्हणून वजन वाढतं याला काही खास आधार मिळाला नाही. म्हणजे पुडीने हाडांचं भलं होईल, पँट सैल होणार नाही.

आता ऊन. सकाळी साडेसहाला टेकडीवर जाणारे आम्ही सगळे कोवळ्या उन्हाच्या भरवशावर, पण यूव्हीबी तेव्हा जवळपास नसतंच, सूर्य वर चढून आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की खरं काम सुरू. ऑफिसात काचेतून ऊन अंगावर येतं त्याचाही उपयोग शून्य, काच यूव्हीबी अडवते. आणि आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. मी हल्ली सुट्टीच्या दिवशी अकराच्या सुमाराला बाह्या वर करून गच्चीत थोडा वेळ बसतो, शेजारच्या काकू कुरडया वाळत घालता घालता विचारतात, "तुला पण वाळवायचंय का?"

टेकडी मात्र वाया जात नाही. इंग्लंडमधल्या बाथ युनिव्हर्सिटीचा एक प्रयोग २०२५ मध्ये आला, जास्त वजनाच्या लोकांना ऐन थंडीत दहा आठवडे घरातच व्यायाम करायला लावला आणि वजन मुद्दाम उतरू दिलं नाही. डी दोन्ही गटांत घसरलं, पण व्यायामवाल्यांचं १५ टक्के आणि बसून राहिलेल्यांचं २५. ऊन नाही, वजन तेवढंच, तरी फरक पडला, मला हे लय भारी वाटलं.

बाकी पुडी मी घेतोच, ६०,००० युनिटची, आठवड्यातून एक, जेवण झाल्यावर दुधातून (उपाशीपोटी नीट शोषली जात नाही), डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितलीये तेवढीच. मावशीने तिची वर्षभर चालूच ठेवलीये. जादाचं डी लघवीवाटे निघून जात नाही गं, कॅल्शियम वाढून मुतखडा होईल, आधी टेस्ट कर म्हटलं, तर म्हणे टेस्ट महाग आहे, पुडी स्वस्त पडते.