मेल्याचं सोंग घेणारा मासा पाळताना

मेल्याचं सोंग घेणारा लिव्हिंगस्टोनी मासा पाळायचा ठरला, तरी बरेच आठवडे माझ्या सहा फुटी टँकमध्ये मासाच नव्हता. नुसतं पाणी, सुरू फिल्टर आणि त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढावेत म्हणून मोजून घातलेला अमोनिया. घरच्यांना हा प्रकार काही झेपला नाही.

पण हा मासा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा. तिथल्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो. त्यात गडी मांसाहारी, म्हणजे घाणही भरपूर. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तितकंच नकोसं नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले, तेव्हाच पिल्लं आणली.

दगडांचा डोंगर मी रचला नाही. तो म्बुनांसाठी, म्हणजे तिथल्या खडकांत राहणाऱ्या माशांसाठी ठीक. लिव्हिंगस्टोनी वावरतो उथळ वाळूवर, पाणगवताच्या आसपास. म्हणून एका कोपऱ्यात चार दगड, थोडं व्हॅलिसनेरिया हे पाणगवत, बाकी सगळी बारीक वाळू मोकळी.

खाण्यावरून मात्र दमवलं. जिवंत मासे द्यायचे नव्हते, त्यातून रोग येतात. पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, तोंडात घ्यायचे आणि फू करून बाहेर. मग कोळंबी वितळवून तिच्या पाण्यात पेलेट भिजवायला लागलो, कोळंबीचे तुकडे हळूहळू कमी केले. पठ्ठे वळणावर आले.

ज्यासाठी हा खटाटोप, ते एका संध्याकाळी दिसलं. सर्वांत मोठा मासा वाळूवर कुशीवर पडलेला. अंगावरचे तपकिरी-पांढरे डाग अगदी कुजायला लागल्यासारखे. कल्ले जेमतेम हलत होते, वरचा डोळा तेवढा फिरत होता. सरोवरात असं प्रेत टोचायला छोटे मासे येतात आणि हा झडप घालतो. संशोधक केनेथ मकाय यांनी प्रत्यक्ष सरोवरात पाहून १९८१ मध्ये याची नोंद केली. माझ्याकडे सोबतीला सगळे दांडगे व्हेनस्टस, याच सरोवरातले मासे. त्याच्या तोंडात मावेल असं कुणी ठेवलेलंच नाही. कुणी फिरकलं नाही, तेव्हा स्वारी उठली आणि पेलेटसाठी काचेपाशी आली.

आता तोच नर वयात येऊन निळा पडू लागलाय, डाग पुसट होतायत आणि एकुलत्या मादीला तो सुखाने जगू देत नाही. त्याचा जाच एकटीवर पडू नये म्हणून आणखी तीन-चार माद्या आणाव्या लागतील. तोपर्यंत मधे जाळीचं पार्टिशन टाकलंय.