शब्दाभोवतीचा गोल

सत्र संपत आलं की मी मुलांच्या वाचन-नोंदवह्या पहिल्या पानापासून सलग वाचते. एरवी दर आठवड्याला एखादं पान बघायचं, सही करायची, वही परत द्यायची. त्यात पान कळतं, वही कळत नाही. त्या दुपारी टेबलावर अठ्ठावीस वह्या होत्या आणि अकराव्या वहीवर मी अडकले.

वहीची रीत साधी आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ. नेमलेल्या पाठातल्या ज्या वाक्यापाशी थांबावंसं वाटलं ते डावीकडे, पान क्रमांकासकट. तिथे मनात जे आलं ते उजवीकडे. सारांश नको. शंका चालते, राग चालतो, 'इथे कंटाळा आला' हेही चालतं, फक्त का आला ते लिहायचं. आणि लिहायचं ते वाचता वाचता. पुस्तक मिटल्यावर आपण मत तयार करतो, आणि वाचताना जे झालं होतं ते त्याखाली दबून जातं.

अकराव्या वहीतली पहिली नोंद एका कथेवरची होती. आजोबा गेलेले, घर हळूहळू रुळावर येतंय. डावीकडे त्याने उतरवून घेतलं होतं : 'चष्मा पुसून पुन्हा खिडकीत ठेवलेला असे.' उजवीकडे : 'कोणी पुसला ते लेखक सांगत नाही. मला वाटतं आजी. आमच्याकडेपण काठी दाराआडच आहे. आई झाडताना उचलते आणि परत तिथेच ठेवते.'

वाक्यात कर्ता नाही, हे सतरा वर्षांच्या मुलाने हेरलं होतं! आणि त्याला ते हेरता आलं ते दाराआडच्या काठीमुळेच, हे मला आज कळत होतं.

पुढचं पान उलटलं. 'या पाठात लेखकाने मानवी नात्यांचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे.' त्यापुढच्या पानावर 'समाजातील वास्तवाचे प्रभावी दर्शन'. सलग नऊ नोंदी अशाच. एकही शब्द चुकलेला नाही, एकही शब्द त्याचा नाही. प्रत्येकीखाली माझी सही, आणि दोन ठिकाणी 'छान'.

मी परत पहिल्या पानावर आले. 'आमच्याकडेपण'भोवती लाल गोल होता आणि समासात माझ्याच अक्षरात 'टाळा'. लेखी भाषेत 'आमच्याकडेही' लिही, एवढंच मला म्हणायचं होतं.

१९२०च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव झाकून कविता देत आणि त्यावर मोकळेपणी लिहायला सांगत. त्या कागदांवरून त्यांनी वाचनातल्या अडथळ्यांची यादी केली. तिच्यात वाचकाच्या खासगी आठवणीही आहेत आणि ठरीव, साचेबंद प्रतिसादही. मी पहिल्या अडथळ्याला घाबरत आले आणि दुसऱ्याला 'छान' म्हणत राहिले. अमेरिकन साहित्य-अभ्यासक लुईझ रोझेनब्लाट यांनी १९३८पासून वाचकाच्या अनुभवाला साहित्याच्या वर्गात मानाची जागा मागितली, पण त्यांचीही अट होती : अनुभव घेऊन पुन्हा मजकुराकडे यायचं, तो ताडून बघायचा. या मुलाने कुणी न शिकवता सुरुवात तिथूनच केली होती.

दुसऱ्या दिवशी त्याला थांबवून घेतलं. वही उघडून तो गोल दाखवला.

"हे आठवतं?"

"हो मॅडम. घरचं लिहायचं नाही ना?"

तक्रारीचा सूर नव्हता. वर्गातला एखादा नियम सांगावा तसं सांगितलं त्याने. मी 'पण' आणि 'ही'चा फरक समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझी चूक झाली, एवढंच म्हणाले. मग विचारलं, "काठी अजून तिथेच आहे?"

"आहे ना," तो म्हणाला. "पण आता आईच ठेवते असं नाही. मीपण ठेवतो."

त्या आठवड्यापासून मी नोंदवहीत लाल पेन वापरत नाही. शुद्धलेखनासाठी निबंधाची वही आहे. गुण नोंदी वेळेवर आणि पुरेशा असण्याचे. काय वाटलं याला गुण नाहीत. शेरा म्हणून मी एक प्रश्न लिहिते, तोही पाठातल्या वाक्याकडे परत नेणारा. जे मी वाचू नये असं वाटतं ते पान दुमडायचं, दुमडलेलं पान मी उघडत नाही. कुणाच्या जिवाला धोका आहे असं कुठे वाचण्यात आलं, तर मात्र मी गप्प बसणार नाही, हे पहिल्याच तासाला सांगून ठेवते.

पुढच्या आठवड्यात त्याची वही आली. पान दुमडलेलं होतं, घडीवरून नख फिरवून पक्कं केलेलं. बाहेर राहिलेल्या पट्टीवर डावीकडच्या वाक्याचा फक्त पान क्रमांक दिसत होता. मी त्या पट्टीवर सही केली आणि पुढची वही घेतली.