तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं वाचता, मग आकड्यांचंच काय होतं?

मुद्रितं तपासताना ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक माझ्या नजरेतून सुटत नाही, मग दोन अंकी वजाबाकी का जमत नाही? हा प्रश्न इतक्यांदा आलाय की उत्तर एकदाच लिहून ठेवते. ‘आळस, दुसरं काय!’ हे तुमचं आधीच ठरलं असेल, तर पुढे वाचू नका.

डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांची जाणच नीट नसणं, हा शब्द तुम्हाला माझ्याकडूनच ऐकून पाठ झालाय. पण ‘म्हणजे आकड्यांचा डिस्लेक्सिया’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा मी वैतागते. ७ हे चिन्ह मी बरोबर ओळखते. ते किती, हेच आतून जाणवत नाही. तीन-चार ठिपके बहुतेकांना न मोजता दिसतात. मी तेही मोजते. लाडिस्लाव कोश्च या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्येच लिहून ठेवलंय की बाकी बुद्धी शाबूत असूनही हे असू शकतं. तरी मला दरवेळी नव्याने शपथेवर सांगावं लागतं.

एका संस्थेच्या सभेत हात वर करून मतदान होतं. नोंदीला मला बसवलं, अक्षर चांगलं म्हणून. मोजायचंही मीच. कुणी हात मध्येच खाली घेई, कुणी उशिरा वर करी, आणि एक रांग संपेपर्यंत आधीच्या रांगेचा आकडा डोक्यातून गेलेला. पुन्हा पहिल्यापासून. मागे हसू फुटलं. शेवटी सचिवांनी स्वतः मोजले आणि म्हणाले, “लिहा, त्रेपन्न.” तोंडी तीन आधी येतो, कागदावर पाच, माझ्या हातून ३५ उतरलं. विरोधातले अठ्ठेचाळीस मात्र ४८च उतरले. का, ते मला विचारू नका. कागदावर ठराव पडला. मी तो निकाल ठणठणीत आवाजात वाचूनही दाखवला, कारण समोर एवढे हात बघूनसुद्धा ३५ मला खटकलं नव्हतं.

ठराव मांडणारे उठले. “संस्कृत अवतरणं तपासते ही, आणि हिला त्रेपन्न लिहिता येत नाही? हे मुद्दाम केलंय.”

आकडा तिथल्या तिथे दुरुस्त झाला. मी कोणाच्या गटातली, याची चौकशी मात्र नंतरही चालू राहिली. मला येतं तेच माझ्याविरुद्धचा पुरावा ठरलं. अडाणी असते तर कदाचित माफी मिळाली असती! आणि खरं सांगू? त्यांच्या जागी मी असते तर मलाही तोच संशय आला असता.

चाचणी मी त्यानंतर करून घेतली. तिच्यात शाळेतल्यासारखी गणितं फारशी नव्हतीच. ठिपके किती, दोन आकड्यांत मोठा कोणता, आणि उत्तराला किती वेळ लागतो, एवढंच. निदान झालं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्याआधी मी मिरवत असे, ‘गणित रुक्ष असतं हो, आपला प्रांत नव्हे.’ लोक हसत, मला बरं वाटे. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, की बाई, रुक्ष होतं की भीती वाटत होती? ती उलट विचारेल, ‘आणि तू निदानाचा कागद पुढे करतेस, ते वेगळं काय आहे?’ यावर मी निरुत्तर. गणिताची भीती ही वेगळी गोष्ट, हे वाचून माहीत आहे. माझ्यात ती कुठे संपते आणि हे कुठे सुरू होतं, ते मला वेगळं काढता आलेलं नाही.

राहिला कॅल्क्युलेटर. तो हिशेब करतो, पण माझ्या बोटाने एक शून्य जास्त दाबलं तर ‘अगं, हे शक्य तरी आहे का?’ असं विचारत नाही. तुम्हाला ते आपोआप कळतं. मला दोन्ही उत्तरं सारखीच खरी वाटतात. म्हणून मी कुणाला तरी दाखवून घेते, आणि दाखवून घेतल्याचा रागही येतो. नोंदीला बसायला अजूनही बोलावतात. मी नाही म्हणते. हा शहाणपणा की पळपुटेपणा, यावर घरात अजून वाद आहे.