तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात वजनं कशाला?

जाऊबाई विचारतात, भिशीतल्या बायका विचारतात, परवा दूध घालणाऱ्यानंही विचारलं. "काकू, रंकाळ्याला फेरी मारत होता की रोज. तेवढं पुरत नव्हतं काय? त्रेसष्टीत वजनं कशाला उचलायची?" मी आजवर "गुडघ्यांसाठी" म्हणून विषय मिटवत आले. ते खोटं आहे. गुडघे आधीही दुखायचे, आताही दुखतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात महापूर आला, तेव्हा आम्ही शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहत होतो. २००५ ला जिथवर आलं त्याच्या वर पाणी जाणार नाही, हे ह्यांचं गणित, म्हणून बसून राहिलो. बोट दाराशी आली तेव्हा बाहेरच्या पायरीवर मांडीएवढं पाणी होतं. सासूबाई तेव्हा ब्याऐंशीच्या. बोटीवरच्या पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. मग माझी पाळी. एकानं हात पुढं केला. मी म्हटलं, "असू दे, चढतो की मी." बारा वर्षं रंकाळा चुकवला नव्हता, आणि सत्तावन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

बोटीची रबरी कड कमरेशी होती. दोन्ही हातांनी दाबून अंग वर उचलायला गेले, तर हातात काही नव्हतंच. पाय उचलला, तो गुडघ्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. दुसऱ्यांदा घसरले, तोंडात ते गढूळ पाणी गेलं. गल्लीतली माणसं माडीवरून बघत होती. शेवटी एकानं वरनं काखेत हात घातले, दुसऱ्यानं खालनं रेटलं आणि गुळाचा रवा ट्रकात टाकावा तशी मी बोटीत पालथी पडले. लुगडं पार वर गेलेलं. सासूबाईंनी खुर्चीतून वाकून ते खाली ओढलं. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चालण्याला मी नावं ठेवत नाही. हृदयाला, मनाला ते हवंच, मी अजूनही जाते. पण चालताना पाय एका ठरावीक कामापुरतेच राबतात. तिशी ओलांडली की दर दहा वर्षांनी स्नायू तीन ते आठ टक्के घटतात, साठीनंतर जास्तच वेगानं. त्यातही जोर लावणारे, तोल गेला तर झटक्यात सावरणारे तंतू आधी जातात. आपण म्हणतो, "पडल्या आणि खुबा मोडला." पडताना सावरता का आलं नाही, हे कुणी विचारत नाही. त्यात पाळी गेल्यावर बायकांची हाडं भराभर विरळ होतात, आणि हाडाला भार पडला तरच ते टिकायचं मनावर घेतं.

"आता काय उपयोग" म्हणणाऱ्यांसाठी: १९९० मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती. नऊ जणांनी पुरी केली. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आणि वयाचंच म्हणाल, तर लग्न झाल्यावर भरलेली घागर कमरेवर घेऊन जिने चढत होते, तेव्हा "कशाला" असं एकानंही विचारलं नाही. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं, पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. आमचे आजोबा तालमीत संतोला, म्हणजे जड वजन, फिरवायचे आणि आम्ही पोरी दाराबाहेरून लाल मातीचा वास घ्यायचो. जोर-बैठका या गावाला नव्या नाहीत. बाईनं मारल्या की नव्या.

आता माझंही सांगते. जिमच्या दुसऱ्या वर्षी चेव चढून, ट्रेनर नको म्हणत असताना वजन वाढवलं आणि कंबर धरली. तीन आठवडे आडवी. घरी सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. हे इथं वाचून ह्यांना पहिल्यांदाच कळेल. साखर थोडी उतरलीय. स्नायू साखर ओढून घेतात हे खरं, पण गोळ्याही चालू आहेत, तेव्हा श्रेय कुणाचं ते मी भांडून ठरवणार नाही. खरं तर कधीकधी वाटतं, हे सगळं आरोग्यासाठी नाहीच. माडीवरच्या त्या माणसांसाठी आहे. तसं असेल तर सत्तावन्नची ती बाई काय वाईट होती? हात पुढं आला होता, धरायचा होता. आठवड्यातून दोनदा हे मी माझ्याशीच भांडते आणि तरी जाते.

२०२१ ला पुन्हा पाणी आलं. त्या खेपेला पहिल्या सूचनेलाच पिशव्या उचलून कोरड्या पायांनी बाहेर पडलो. त्यामुळं बोटीत चढता येतं का, ते आजही माहीत नाही.

स्वयंपाकाचा ओटा साधारण त्या कडेएवढाच उंच आहे. घरात कुणी नसलं की शेगडी बाजूला सरकवून चढून बघते. उजवा पाय आधी टाकला तर जमतं. डावा आधी टाकला तर अजून नाही.